सुकाणूसमोर एक मोठा डिस्प्ले की दोन छोटे?

२८ फुटी फायबरची बोट, एकच जुनं डिझेल इंजिन, १२ व्होल्ट. इंजिनाला डिजिटल आउटपुट नाही, सगळे सेन्सर ॲनालॉग. म्हणून कन्व्हर्टर लावून आरपीएम, तापमान, ऑइल प्रेशर आणि टाकीची पातळी एनएमईए २००० वर, म्हणजे बोटीतली उपकरणं एकाच केबलवर जोडणाऱ्या डिजिटल नेटवर्कवर, आणायची आहे. केबल टाकून झाली, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) आहेत. जीपीएस आणि खोलीमापक त्यावर नीट चालतात.

पॅनेलवर ४५ सेंटिमीटर रुंदीच मोकळी आहे. मित्राचा ९ इंची डिस्प्ले उभा लावून पाहिला, तर पोलराइज्ड गॉगल घातल्यावर स्क्रीन काळीठिक्कर! मान वाकडी केली की आकडे दिसायचे. आडवा लावल्यावर ठीक, पण नकाशा आणि इंजिनाचे आकडे एकत्र फारच बारीक होतात. टचस्क्रीन नको, ओल्या हातांनी नुसता वैताग. बटणंच हवीत.

१२ इंची एकच घ्यावा, तर तो बंद पडला की सगळंच गेलं. त्यामुळे माझा कल ७ इंची दोन घेण्याकडे आहे, पण त्यावर नकाशा पुरेसा दिसतो का? आणि तापमान व ऑइल प्रेशरचे जुने काट्याचे मीटर राहू देऊन त्याच सेन्सरवर कन्व्हर्टर जोडला, तर रीडिंग चुकतं का? कुणी असं जोडलंय का?