आंबट नको असेल तर मान्सून्ड मलबार
"सिंगल ओरिजिन (एकाच भागातल्या बियांची) कॉफी म्हणजे आंबटच" हे मत मला अर्धंच पटतं. हलक्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीबद्दल ते खरं आहे. पण एकाच भागातली असून अगदी मवाळ लागणारी कॉफी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर तयार होते: मान्सून्ड मलबार. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या हवेशीर गोदामांत कच्च्या बिया पसरून त्यांना पावसाळी दमट वारा खाऊ देतात. बी फुगते, हिरव्याची फिकट पिवळी होते आणि आंबटपणा जवळजवळ जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना समुद्राच्या ओलाव्याने हेच आपोआप व्हायचं.

मी वर्षभर हीच आणतेय, मीडियम रोस्ट. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेत नाही. आणि भाजल्यावर सात-आठ दिवस तरी थांबा, ताज्या बियांतून वायू निघत असतो. पाणी ओतलं की चुरा नुसता फसफसतो, अर्क नीट उतरत नाही. फ्रेंच प्रेससाठी (दाबायच्या जाळीचं कॉफीचं भांडं) जाड रव्याइतकं दळते, १५ ग्रॅमला २५० मिली पाणी, चार मिनिटं. मिक्सर मात्र नकोच, त्यात निम्मी पूड आणि निम्मे तुकडे होतात. ती पूडच कडवट उतरते.