मदत हवी आहे: कृत्रिम पावसाच्या ठरावात काय लिहू?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगोला तालुक्यातले. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव येतोय: पावसाने ओढ दिली आहे, तेव्हा शासनाने आमच्या भागात कृत्रिम पाऊस पाडावा. मी कृषी पदविका केली आहे म्हणून मसुदा माझ्याकडे आलाय. दोन रात्री कागद पुढ्यात घेऊन बसलोय, हात चालत नाही.

कारण घरातच आहे. आमच्याकडे बाजरी आणि तूर. बाजरी निसवायला आलीय आणि जमिनीला भेगा पडल्यात. बांधापलीकडे चुलत्यांची डाळिंबाची बाग, मृग बहार धरलेला. दोन चांगल्या सरी आल्या तर आमचं पीक तगतं, पण तोच ओलावा आणि ढगाळ हवा टिकली तर त्यांच्या फळांवर तेल्या रोग पसरतो. तात्या म्हणाले, "आभाळातून आपसूक आला तर नशीब म्हणेन. तुम्ही ठराव करून आणलात तर नुकसान कोणाकडे मागू?" मी गप्प बसलो.

जे वाचलंय ते असं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात आमच्याच सोलापूर जिल्ह्यात प्रयोग केला. विमानाने ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. त्या क्षारकणांवर बाष्प जमतं, थेंब मोठे होतात आणि खाली येतात. काही ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के वाढला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही भोंदूगिरी नाही. पण ढगच नसेल तर काहीच होत नाही, आणि २० मिलिमीटर पडणार असेल तिथे १८ टक्के म्हणजे साडेतीन मिलिमीटर. गावात मात्र लोक तळी भरायची स्वप्नं बघतायत. ती तशीच राहू देऊन ठराव करणं मला फसवणूक वाटते.

त्याच प्रयोगातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुलनेसाठी काही ढगांत फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले. शास्त्र म्हणून ते बरोबरच, त्याशिवाय फरक कळणार कसा? पण सोडलेला ढग ज्याच्या शिवारावरून गेला, त्याला हे आधी सांगायला हवं ना? आणि आमच्याकडे पाऊस पडलाच, तर जतकडची माणसं म्हणणार, आमचा ढग अडवला. शास्त्रज्ञ नाही म्हणतील, तरी संशय राहणारच. शत्रुत्वासाठी हवामान बदलू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९७७ पासून आहे. दोन तालुक्यांमधल्या भांडणाला कोणता कायदा लागतो?

पैशाचंही आहेच. २०१९ मध्ये राज्य सरकारने या कामाला ३० कोटी मंजूर केले होते. तेवढ्यात किती शेततळी, किती नालाबांध झाले असते, असं वाटतं. पण ज्याची बाजरी या आठवड्यात करपतेय त्याला पुढच्या वर्षीचा नालाबांध काय सांगू? उसाला पाणी कमी करा असा ठराव कोणी आणत नाही, आभाळाकडे मागणं सोपं. (हे सभेत बोललो तर ऊसवाले माझ्यावर धावून येतील, तरी बोलणार आहे.)

२००३, २०१५ किंवा २०१९ मध्ये तुमच्या भागावर विमान फिरलं असेल तर सांगा: गावाला आधी कळवलं होतं का? फळबागांचं नुकसान झालं तर कोणाकडे दाद मागितली, काही मिळालं का? कायदा जाणणारं कोणी असेल तर हेही सांगा, की "फवारणीची पूर्वसूचना, पावसाच्या नोंदी गावाला द्याव्यात आणि बागांच्या नुकसानीची जबाबदारी आधी लेखी ठरवावी" ही अट ग्रामसभेच्या ठरावात घालता येते का? घातली तर तिला काही वजन असतं का?

मसुदा १३ तारखेपर्यंत ग्रामसेवकांकडे द्यायचा आहे. त्याआधी तो तात्यांना वाचून दाखवणार आहे.