मेकॅनिकल करून एरोस्पेसला जाणं म्हणजे 'चार वर्षं वाया'?

लेथवाला
काल 'वायुपुत्र' यांनी एका विद्यार्थ्याला ठणकावून सांगितलं, "एरोस्पेस हवं असेल तर मेकॅनिकल म्हणजे चार वर्षं वाया." तेव्हापासून डोकं तापलंय. अहो, टर्बाइनची पाती स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा गरम वायूत फिरतात. ती टिकतात निकेलच्या मिश्रधातूमुळे आणि आतून खेळवलेल्या हवेमुळे. हे आमचंच हीट ट्रान्सफर आणि आमचंच मटेरियल सायन्स. लँडिंग गिअर, पंप, बेअरिंग यांना काय वायुगतिकी लागते? अठरा वर्षं विमानाचे सुटे भाग बनवतोय. एकदा एरोच्या एका हुशार पोराने ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं, खिशाचे, म्हणजे धातूत कोरायच्या खोलगट जागेचे, आतले कोपरे कडक काटकोनात! मिलिंग कटर गोल असतो हे त्याच्या गावीच नव्हतं.

वायुपुत्र
शब्द मागे घेत नाही. तुमचं फ्लुइड्स म्हणजे नळातलं पाणी: नळी अरुंद केली, वेग वाढला, गुण मिळाले. रॉकेटच्या नॉझलमध्ये घशाशी, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, माख १ (ध्वनीचा वेग) गाठला की पुढे नळी *रुंद* केल्यावर वेग वाढतो. फ्लटर (हवेमुळे पंखाची वाढत जाणारी थरथर), स्थैर्य, कक्षा हे तर अभ्यासक्रमात औषधालाही नाही. किस्से माझ्याकडेही आहेत. आमच्या एका मेकॅनिकलच्या साहेबांनी उपग्रहावरच्या डब्याला देखण्या फिन्स लावल्या. निर्वातात! वारा कोण घालणार होतं?

स्ट्रेसवाली
मी मेकॅनिकलचीच, आता विमानाच्या सांगाड्याचं विश्लेषण करते. दारातून आत शिरता येतं, पण फुकट नाही. मशीन डिझाइनमध्ये सेफ्टी फॅक्टर (अपेक्षित भाराच्या किती पट भार भागाने सोसावा) तीन-चार घ्यायची सवय लागलेली, इथे साधारण १.५. माझा पहिला भाग "हा काय पूल आहे का?" असं लिहून परत आला होता. गॅस डायनॅमिक्स, कंपोझिट्स आणि एरोइलॅस्टिसिटी नोकरीत असताना रात्री बसून शिकले. मुलाखतीत मात्र निम्मा वेळ कॉलेजच्या रॉकेट टीमबद्दलच विचारत होते. आमचं पहिलं रॉकेट पॅराशूट न उघडताच जमिनीत घुसलं होतं, आणि ते का घुसलं हे मला सांगता आलं.

खिडकीपाशी
लेथवाल्यांच्या काटकोनी कोपऱ्यावरून कॉमेट हे जुनं ब्रिटिश जेट प्रवासी विमान आठवलं. १९५४ साली चौकोनी खिडक्यांपायी दोन विमानं हवेत फुटली.

वायुपुत्र
झालं, आली ती दंतकथा! खिडक्यांचे कोपरे गोलाईचेच होते. इटलीच्या एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाचा तडा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्यापासून निघाला.

लेथवाला
झरोक्याच्या कोपऱ्याशीच ना? आणि रिव्हेटची भोकं ड्रिल न करता पंचने पाडली होती, हे सोयीस्कर विसरलात. वर्कशॉपमध्ये पाय ठेवला असता तर कळलं असतं.

वायुपुत्र
वर्कशॉप, वर्कशॉप! केबिनमधला दाब दर उड्डाणाला चढतो-उतरतो, म्हणून फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून धातूला तडे. तो चढतो कारण विमान उंच उडतं. उंच का उडतं, ते एरोवाल्यांना विचारा.

खिडकीपाशी
ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या पाण्याच्या टाकीत दुसरं एक कॉमेट दाबून पाहिलं, ते आधीची उड्डाणं धरून दाबाच्या ३,०५७ फेऱ्यांनी फाटलं. एल्बाचं त्याच्या निम्म्या फेऱ्याही व्हायच्या आत गेलं. फटीगचे आकडे असेच विखुरतात. एकाच चाचणीवर जे विसंबतात...

लेथवाला
हे मला सांगताय? एस-एन कर्व्ह, म्हणजे किती ताणाला किती फेऱ्या टिकेल याचा आलेख, मेकॅनिकलच्याच पुस्तकात असतो. *तुम्ही* कुठल्या शाखेचे?

खिडकीपाशी
इलेक्ट्रिकल.

लेथवाला
मग राहू द्या.

स्ट्रेसवाली
वा! आता तिसरी शाखाही वाया. धागा त्या मुलाचा होता, आठवतंय का कोणाला?

वायुपुत्र
बरं. "चार वर्षं वाया" नाही, "दीड वर्ष वाया" म्हणतो. उरलेल्या अडीच वर्षांतलं गणित आणि सॉलिड मेकॅनिक्स कामाला येतं. खूश? ज्याला पंखाचा आकार ठरवायचाय किंवा यानाची दिशा सांभाळायची आहे, त्याने एरोच घ्यावं, यावर ठाम आहे.

लेथवाला
दीड वर्षाची सूट दिल्याबद्दल आभारी आहोत, महाराज. पंखाच्या आकाराचं म्हणाल तर मान्य. तिथे आम्ही लुडबुड करत नाही. फिन्सच्या साहेबांचं समर्थनही करणार नाही. पण तो आकार शेवटी धातूत उतरवतं कोण?

पहिलं_उड्डाण
तो मुलगा मीच. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे शाखा आता बदलत नाही. ऐच्छिक विषय उद्यापर्यंत भरायचाय: व्हायब्रेशन्स की रेफ्रिजरेशन?

वायुपुत्र
व्हायब्रेशन्स. त्याशिवाय फ्लटरच्या पुस्तकाचं पहिलं पानही उलटणार नाही.

स्ट्रेसवाली
व्हायब्रेशन्स. सोबत गॅस डायनॅमिक्स स्वतः वाच, आणि काहीतरी उडवून पाड.

लेथवाला
व्हायब्रेशन्सच घे. पण रेफ्रिजरेशनला हसू नका हं. बेल-कोलमन सायकल, म्हणजे हवाच दाबून-प्रसरून गारवा करायचं चक्र, कुठे वापरतात? विमानाची केबिन थंड करायला!

वायुपुत्र
आणि बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी इंजिनातून ब्लीड एअरच (इंजिनातली दाबलेली हवा) घेत नाहीत, हे त्या पुस्तकात आहे का?

लेथवाला
म्हणून काय सायकल बदलली? कॉम्प्रेसर विजेवर फिरतो, एवढंच!

खिडकीपाशी
विजेवर म्हणालात ना? इलेक्ट्रिकल हजर आहे.