सुरुंग काढणारे पुस्तकात कुठे असतात?
शाळेच्या ग्रंथालयात युद्धांची पुस्तकं ठेवली की मुलांना हिंसेची गोडी लागते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. नुसती रणगाड्यांची चित्रं आणि शत्रूचे किती मेले याचे आकडे असलेली पुस्तकं मलाही नकोत. पण त्यावर उपाय म्हणून तो विषयच कपाटाबाहेर काढू नका, पुस्तकं नीट पारखून घ्या.

उदाहरण म्हणून राम राघोबा राणे यांचं नाव घेते. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता तुकडीचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या भारतीय रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या पाइनच्या झाडांनी अडवली होती. तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, स्वतः राणे जखमी झाले, तरी त्यांनी सुरुंग काढून रस्ता मोकळा करून दिला. त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते हयात होते. यात शौर्य आहेच, पण ते वाट करून देण्याचं आहे.

आमच्या शाळेत सहावीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा प्रश्न आले ते 'सुरुंग जमिनीत आहे हे कळतं कसं?' आणि 'युद्ध संपल्यावर उरलेले कोण काढतं?' असे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारं, नकाशांसह लिहिलेलं मराठी पुस्तक मला आमच्या कपाटात सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर इथे जरूर सुचवा, या वर्षीच्या खरेदीत घेता येईल.