फोटो १८६० चा नसावा

वर ठाण्यातल्या जुन्या वाड्यात सापडलेल्या आजोबांच्या फोटोबद्दल विचारलंय आणि साल १८६० सांगितलंय. फोटो चिकटवलेला पुठ्ठा साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच असेल, तर तो कॅबिनेट आकार आहे, आणि ती पद्धत १८६६ च्या सुमारास आली. आधीचं कार्त-द-व्हिझित, म्हणजे व्हिझिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरचा फोटो, अडीच बाय चार इंचांचं. त्यामुळे साल पुढे न्यावंच लागेल.

फोटोतलं कुंकू काळं दिसतं म्हणून कुणी तो खोडसाळपणा समजू नये. तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे, आणि त्या काचांना निळा प्रकाशच तेवढा कळायचा. लाल-पिवळं काळं पडायचं आणि निळं पातळ पांढरट यायचं.

काम किती नाजूक होतं बघा. काचेवर कोलोडियन (ईथर आणि अल्कोहोलमधलं चिकट द्रावण) ओतायचं, दोन-तीन मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचं, ओली असतानाच फोटो घेऊन लगेच डेव्हलप करायचं. वाळली की संपलं. कोलोडियनमधला ईथर ३५ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये काच कॅमेऱ्यात पोचण्याआधीच कडा सुकणार. पावसाळ्यात उजेड कमी, मग गिऱ्हाइकाला आणखी काही सेकंद स्थिर बसवायचं. त्यासाठी मानेमागे लोखंडी टेकू लावत. काही फोटोंत पायांशी त्याची बैठक दिसते, तुमच्या फोटोत नक्की शोधा.

फोटोचा पिवळेपणा अल्ब्युमेन कागदाचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदाचा आहे. कृपया ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.