गोकर्णाचा निळा रंग: 'पूर्वापार खातोय' हा सुरक्षिततेचा पुरावा होतो का?

अंगणवेल

परवा पोरांसाठी गोकर्णाचं सरबत केलं. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं होतं, वरून लिंबू पिळलं की बघता बघता जांभळं. पोरं हरखून गेली. तिथेच एक ओळखीचे म्हणाले, याची पावडर करून आइस्क्रीमवाल्यांना विकली तर चांगला धंदा होईल, फुलच तर आहे, त्याला कसली आलीय परवानगी!

मला हे अजिबात पटत नाही. रंगासाठी, गोडीसाठी, टिकण्यासाठी खाण्यात नवीन काही घालायचं असेल, तर ते सुरक्षित असल्याचं विकणाऱ्याने आधी दाखवावं. लोकांनी आजारी पडून ते शोधायचं नसतं. याच फुलाचं बघा. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने २०२१ मध्ये त्याच्या अर्काला रंग म्हणून मान्यता दिली. युरोपात मात्र वाळवलेली फुलं विकायचा प्रस्ताव गेला, तेव्हा तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये हरकत घेतली. या झाडात सायक्लोटाइड नावाची, सहज न तुटणारी छोटी प्रथिनं असतात, हे त्यामागचं एक कारण. एवढे मोठे लोक अजून एकमताला आलेले नसताना आपण 'फुलच तर आहे' म्हणून मोकळं व्हायचं?

आगळवाला

ताई, मी कुडाळकडे आगळ आणि सरबतं करतो, म्हणून लिहितो. तुमची तळमळ कळते, पण हा नियम नेमका कुणाला आडवा येतो ते बघा. टारट्राझिन, सनसेट यलो हे पिवळे डांबरी (कृत्रिम) रंग आपल्याकडच्या परवानगीच्या यादीत कधीचे बसलेत. किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत घाला, कुणी विचारत नाही. याच रंगांच्या पदार्थांवर युरोपात २०१० पासून 'मुलांच्या एकाग्रतेवर व वागण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापावा लागतो. म्हणजे जुना रंग बिनपरीक्षेचा वर्गात, आणि माझ्या कुंपणावरच्या वेलाला प्रवेशपरीक्षा. त्या परीक्षेचा खर्च कंपनीला झेपतो, मला नाही. शेवटी मी तोच डांबरी पिवळा वापरणार. यात लोकांचं आरोग्य कुठे सांभाळलं गेलं?

पिपेट

विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलीत. ही परीक्षा म्हणजे काय, ते थोडं सांगते.

उंदरांना नव्वद दिवस तो पदार्थ खाण्यातून देतात, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं प्रमाण. दर आठवड्याला खाण्याचं भांडं वजन करायचं. पिंजऱ्याखाली सांडलेला चुरासुद्धा गोळा करून वजन करायचा, नाहीतर पोटात नेमकं किती गेलं ते कळणार कसं? मी तो चुरा चाळून मोजलाय, म्हणून सांगते, आकडा हवेतून येत नाही. ज्या प्रमाणाला काहीच बिघाड दिसत नाही, त्याला साधारणपणे शंभराने भागतात. दहा उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहा माणसामाणसांतल्या फरकासाठी. मग रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण ठरतं. स्टीव्हिया या गोड पानांच्या झाडाच्या अर्काचं ते, त्यातल्या स्टीव्हिओल या घटकाच्या हिशेबाने, शरीराच्या किलोमागे ४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १५ किलोच्या पोराला ६० मिलिग्रॅम. पानं चघळण्याच्या परंपरेतून हा आकडा कधीच निघाला नसता.

आणि झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. सासाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळातलं साफ्रोल अमेरिकेत वर्षानुवर्षं रूट बिअर या शीतपेयात असायचं. उंदरांच्या यकृतात गाठी दिसल्या आणि १९६० मध्ये ते बंद झालं.

जर्सीकर

ढील दिली की काय होतं ते इथे अमेरिकेत बघतोय. १९५८ च्या कायद्यात एक सूट ठेवली: जो घटक तज्ज्ञांच्या मते सर्वमान्य सुरक्षित, त्याला पूर्वमंजुरी नको. मीठ, व्हिनेगर यांच्यासाठी ते ठीकच होतं. पण हळूहळू कंपन्या स्वतःच तज्ज्ञ नेमून स्वतःच ठरवायला लागल्या, एफडीएला कळवणंही ऐच्छिक. २०२२ मध्ये एका तयार जेवणात तारा नावाच्या झाडाच्या बियांचं पीठ होतं. सुमारे चारशे लोकांनी आजारपणाच्या तक्रारी केल्या, शंभराहून जास्त रुग्णालयात गेले. ते पीठ सुरक्षित मानता येत नाही, असं एफडीएने २०२४ मध्ये सांगितलं. लोक आजारी पडले २०२२ मध्ये!

आगळवाला

जर्सीकर, ते पीठ तिथल्या लोकांनी पूर्वापार खाल्लेलं नव्हतं. मी परंपरेचं बोलतोय. आणि कडक नियम म्हटलं की साहेबांची मनमानीही येते. आपल्याकडे एफएसएसएआय, म्हणजे आपली अन्नसुरक्षा संस्था, नुसत्या सूचनापत्रकांच्या जोरावर उत्पादनांना मंजुरी घ्यायला लावत होती. मुंबई हायकोर्टाने ते मोडीत काढलं, ऑगस्ट २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. तोवर किती जणांचा माल अडकून पडला असेल! आणि ताई, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः पोरांना तेच सरबत दिलंत ना?

अंगणवेल

दिलं. चार पेले, वर्षातून एकदा. पावडर झाली की तोच अर्क दाट होऊन आइस्क्रीममध्ये, केकमध्ये, गोळ्यांमध्ये जाणार, आणि एखादं पोर ते रोज खाणार. परंपरेला या प्रमाणाचा अनुभवच नाही. तरी तुमच्या प्रश्नाने मी चपापले, हे खरं.

कोर्टाचा निकालही माझ्याच बाजूचा वाटतो मला. मंजुरी नकोच असं तिथे ठरलं नाही, सूचनापत्रक म्हणजे कायदा नव्हे असं ठरलं. २०१७ मध्ये नव्या घटकांसाठी रीतसर नियम आलेच.

डांबरी रंगांबद्दल मात्र तुम्ही अगदी बरोबर आहात, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट आपल्याकडे २०१६ पर्यंत चालू होतं, ब्रिटनने ते १९९० मध्येच बंद केलं होतं. युरोपने २००९ आधीच्या सगळ्या अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे रंग-टिकाऊपणासाठी खाण्यात वरून घालायच्या पदार्थांची, फेरतपासणी काढली. त्यातूनच पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइड २०२२ मध्ये खाण्यातून गेलं. तशी फेरतपासणी इथे मागायला मी तुमच्याबरोबर उभी राहीन. पण जुन्यांना सोडलं म्हणून नव्यांनाही सोडा, हे नको.

पिपेट

खर्चाचा मुद्दा खरा आहे. गोकर्ण कुणा एकाच्या मालकीचा नाही, मग चाचणी एकट्या आगळवाल्यांनी का करावी? म्हैसूरची सीएफटीआरआय, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, या सरकारीच आहेत. अशा झाडांची चाचणी तिथे एकदा व्हावी आणि निकाल सगळ्यांना वापरता यावा.

आगळवाला

याला माझी हरकत नाही. निकाल विरुद्ध गेला तर पावडरीचा विचार सोडेन, शब्द देतो. पण त्यात पाच वर्षं गेली, तर तोवर पिवळ्या सरबताची मागणी घेऊन येणाऱ्या हॉटेलवाल्याला मी काय सांगू?

अंगणवेल

हळद घाला. नाहीतर बिनरंगाचं द्या आणि बाटलीवर तसं ठळक लिहा. माझ्यासारख्या आया तेच शोधत दुकानात उभ्या असतात.