मदत हवी आहे: ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण बाहेर का जातात, हे कसं विचारावं?

गुडघा बदलणं, हर्निया, मोतीबिंदू अशा आधी तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी रुग्ण जवळचं रुग्णालय सोडून लांब का जातात, यासाठी प्रश्नावली करायची आहे. अडचण अशी की 'का गेलात?' विचारलं की उत्तर एकच येतं: 'तिथे चांगले डॉक्टर आहेत.' खरं कारण बरेचदा वेगळं असतं. लांबलेली प्रतीक्षायादी, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसणं, रक्तपेढी किंवा आयसीयूची सोय नसणं, विमा तिथे न चालणं, नाहीतर सरळ मुलगी त्या शहरात राहते म्हणून. डॉक्टरांनी पाठवलेला आणि स्वतःहून गेलेला रुग्ण तर वेगळाच मोजायला हवा; नाहीतर सगळी आकडेवारी गढूळ होते.

दुसरी बाजू परतीची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात, तोवर रुग्ण घरी आलेला असतो. जखम चिघळली तर स्थानिक डॉक्टरांच्या हाती अर्धवट डिस्चार्ज कार्ड. बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं स्टिकरही (कंपनी, मॉडेल, क्रमांक लिहिलेलं) कित्येकदा नसतं. गुडघ्यानंतर लांबचा बसून प्रवास म्हणजे पायात रक्ताच्या गुठळीचा धोका, तो वेगळाच.

कारणं सुचवायची की मोकळं उत्तर घ्यायचं? आणि शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी विचारावं?